मापाचा हार

१

तसबीर करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला चंद्रप्रकाश परब एकच प्रश्न विचारीत. "कडीची की खिळ्यांची?"

भांडुपच्या कोकणनगरात त्यांचे दुकान होते आणि तिथल्या गिऱ्हाइकांना या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नसे. जिवंत माणसाच्या तसबिरीला मागून फक्त एक कडी बसे. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला त्या कडीखेरीज वरच्या पट्टीवर, दोन्ही कोपऱ्यांशी, पितळेचे दोन बारीक खिळे येत. ते हारासाठी.

खिळे एका रेषेत बसले की नाहीत हे पाहण्यासाठी दुकानात चंदनाच्या सालींचा एक जुना हार खुंटीला टांगलेला असे. परब त्याला मापाचा हार म्हणत. नव्या तसबिरीवर तो अडकवायचा, दोन्ही बाजू सारख्या उतरतात का ते पाहायचे, डोळे मिटून गावच्या रवळनाथाचे नाव घ्यायचे आणि हार पुन्हा खुंटीला लावायचा. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या वडिलांनी हे दुकान घातले, तेव्हापासूनची ही रीत. वडिलांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. जिवंताच्या तसबिरीवर हा हार चढवायचा नाही. मापापुरताही नाही.

परबांनी ते पाळले होते. ते कडक मनुष्य होते. पूजेला उशीर झाला तर ते दुकान उशिरा उघडीत, आणि काम झाले नसेल तर झाले नाही असेच सांगत. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असे शेजारी म्हणत. परबांना ते ऐकायला आवडे. तेवढा एक गर्व त्यांनी मनात ठेवून घेतला होता.

दुकानात एकच तसबीर अशी होती की जिच्यापुढे त्यांचा तो प्रश्न अडला होता. मागच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ती उभी होती. ती सुयोगची, त्यांच्या एकुलत्या मुलाची.

सुयोग मालवाहू जहाजावर खलाशी होता. एका सकाळी, भर समुद्रात, तो पाळीवर आला नाही. जहाज धुंडाळून झाले, पाणी धुंडाळून झाले. जहाज कंपनीच्या कचेरीने कळवले, बेपत्ता. तसबिरीतला फोटो त्याच्या जहाजाच्या कागदपत्रांसाठी काढलेला होता. अंगात स्टुडिओचा कोट आणि स्टुडिओचाच टाय, तेल लावून चापून बसवलेले केस, ओठ घट्ट मिटलेले.

"फोटोवाल्यान हसाक दिल्यान नाय तेका," त्याची आई मालन म्हणे. "नायतर माझो झील असो गप बसणारो न्हय."

२

त्या घरात भांडण एकच होते, आणि ते दोन वर्षे चालले होते.

"दिवस करूक नको तेचे?" परब विचारीत. "तो थंय खंयतरी अडकान ऱ्हवलो तर?"

"माझो झील येतलो," मालन सांगे. "तेच्या फोटोक हार घातलात तर आदी माका अग्नी देवा."

मागल्या वैशाखात दोघे गावी जाऊन आली होती, रवळनाथाला कौल लावायला. देवाच्या अंगावर दोन बाजूंना कळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. परबांनी विचारले, माझा मुलगा आहे का? दोन्ही कळ्या दिवेलागणीपर्यंत तशाच चिकटून राहिल्या. गुरवाने हात जोडले. "देव बोलाक नाय. पुढच्या खेपेक येवा."

देव बोलत नाही तेव्हा माणसाने थांबायचे असते. परबांना हे ठाऊक होते; दुसऱ्यांना त्यांनी ते कितीदा सांगितलेही होते. पण थांबण्यात जे झिजते ते दुसऱ्याचे असले तर सांगणे सोपे जाते.

गणपती होऊन गेले, पितृपक्ष जवळ आला. घरच्या भटजींना त्यांनी विचारले. भटजी शांतपणे म्हणाले, "देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. पण परब, 'गेला' हा शब्द तुमच्या तोंडून यायला हवा. तो मी पुरवू शकत नाही. आणि त्याच्या आईला फसवून काही करू नका."

"मी कोणाला फसवत नाही," परब म्हणाले.

३

त्याच आठवड्यात प्रबुद्ध पुठ्ठ्याचे खोके घेऊन आला. तो मुलुंडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवी. त्याचे वडील भीमराज उन्हाळ्यात वारले होते आणि त्यांची तसबीर परबांनीच केली होती.

"काका, हा बाबांचा खजिना," खोके उघडीत तो म्हणाला. "माणूस पहिल्यांदा अवकाशात जायला लागला ना, त्या काळातले फोटो. बाबा पोरसवदा होते तेव्हा वकिलातींच्या वाचनालयांना पत्रं टाकायचे, ते लोक फुकट पाठवायचे. बाबांच्या पुण्यानुमोदनाला विहाराच्या हॉलमध्ये लावायचेत. मुद्दाम सगळे मस्करीचे निवडलेत."

परबांनी एकेक फोटो उजेडात धरला. समुद्रातल्या रबरी तराफ्यात तीन तगडे पुरुष एकमेकांवर पाणी उडवीत होते. एकाने जोडीदाराला बोटाच्या एका पेरावर उचलून धरले होते. एकाने दात घासायचा ब्रश हवेत सोडून दिला होता आणि तो ब्रश कुठे पळून जाईल की काय, अशा मिश्कील नजरेने त्याच्याकडे पाहत होता. एकाने झगझगीत पोशाख घालून खोटी मिशी लावली होती.

"ब्रश पडत नाही?"

"पडणार कुठे? तिथे वर नाही नि खाली नाही. सोडलं तिथेच राहतं. टाय घातलात तर टायसुद्धा लोंबणार नाही. केस उभे राहतात. रक्त डोक्याकडे चढतं, तोंड सुजल्यासारखं दिसतं."

परबांचे बोट एका फोटोवर थांबले. सरावाच्या विमानात एक मनुष्य आडवा तरंगत होता आणि त्याचे तोंड जितके उघडता येते तितके उघडे होते.

"हा हसतोय?"

प्रबुद्ध खदखदून हसला. "बाबांचा लाडका फोटो! लहानपणी मला विचारायचे, सांग रे, हसतोय की बोंबलतोय? मला कधीच सांगता यायचं नाही. फोटोला आवाज नसतो ना, काका. तोंड दोन्ही वेळी सारखंच उघडतं."

परब हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी आपला नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. बाप गमावलेल्या मुलाने आणलेले जुने, काळेपांढरे फोटो. त्यांतली माणसे गेलेलीच असणार, असे त्यांच्या सवयीने परस्पर ठरवून टाकले. सगळ्या तसबिरींना त्यांनी दोन दोन खिळे ठोकले.

४

दुपारी कोकणनगर पेंगते. परब अर्धे शटर ओढून घेत आणि उरलेल्या उजेडात तसबिरी तपासत. रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी चाले, तिची घरघर फरशीतून पायांना लागे. मग तीही थांबे.

मापाचा हार तराफ्याच्या तसबिरीवर नीट उतरला. खोट्या मिशीवाल्यावर उतरला. तरंगणाऱ्या, तोंड उघडलेल्या माणसावरही उतरला. मग परबांनी तो ब्रशवाल्याच्या तसबिरीवर अडकवला, डोळे मिटले, आणि देवाचे नाव पुरे होण्याआधी साली खळकन फळीवर पडल्या.

दोरा निसटला असेल. त्यांनी हार पुन्हा लावला. तो पुन्हा पडला. त्यांनी पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध होता. खिळ्यांची डोकी चाचपली, शाबूत होती. पंखा बंद केला. तिसऱ्या खेपेस त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि जे पाहिले ते त्यांना आवडले नाही. दोरा तुटला नाही की सैलही झाला नाही. दोन्ही खिळ्यांवरून तो एकाच वेळी वर सरकला आणि मग खाली आला, जसा एखादा मनुष्य नको असलेल्या हारातून मान काढून घेतो.

परब समजूतदार होते. पॉलिश ओले असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. पॉलिश कालचे होते. खिळे बदलले, तरी तेच झाले. आणखी एका तसबिरीने तसेच केले. ती बोटावर जोडीदाराला तोलणाऱ्याची; फोटोत तो एकटाच नीट दिसत होता, जोडीदाराची नुसती पाठ होती.

त्या दोन तसबिरी त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या, आणि उरलेली दुपार ते त्यांच्याकडे पाठ करून बसले.

५

"काका, वाट लावलीत!" तसबिरी पाहून प्रबुद्धने कपाळाला हात लावला. "हे खिळे कशाला ठोकलेत? मी काय सगळ्यांना हार घालणार होतो?"

"जुने फोटो होते. वाटलं, गेलेली माणसं."

"गेलेत तसे बहुतेक." प्रबुद्धचा राग टिकणारा नव्हता. तो तसबिरी चाळू लागला. "हे तिघं गेले. मिशीवाला गेला. हा बोंबल्या तर कधीच गेला." मग त्याने वेगळ्या ठेवलेल्या दोन तसबिरी उचलल्या. "हे दोघं मात्र आहेत हां, अजून. नव्वदी उलटली, पण ठणठणीत. यांना तरी नका घालू हार."

परबांच्या हातातली पक्कड फळीवर टेकली.

"काय झालं, काका? बरं वाटत नाही का?"

"तू यांच्याबद्दल मला आधी सांगितलं होतंस?"

"कधी? मलाच परवा शोधताना कळलं."

परबांनी सगळ्या तसबिरींचे खिळे उपटून दिले, भोके मेणाने बुजवली आणि प्रबुद्धला दाराशी पोहोचवले. परत येताना त्यांची नजर आपोआप मागच्या फळीकडे गेली.

६

इथे ते थांबले असते तर बरे झाले असते.

उत्तर द्यायचे की नाही हे देवाच्या हाती असते. प्रश्न कोठे न्यायचा हे माणसाच्या हाती असते. परबांचा प्रश्न रवळनाथापुढे ठेवलेला होता, आणि तो तिथून उचलून त्यांनी सालींच्या एका हारापुढे ठेवला. आपण हे मालनसाठी करतो आहोत, असे त्यांनी मनाशी म्हटले. हार पडला तर मुलगा आहे; मालनचे खरे. हार उतरला तर तो गेला. मग विधी करायचा. काही झाले तरी उत्तर मिळेल. तिसरे काही असू शकेल हे त्यांच्या मनात आले नाही.

दुसऱ्या दुपारी त्यांनी शटर अर्धे ओढले, पंखा बंद केला आणि सुयोगची तसबीर भिंतीला लावली. वडिलांचे बजावणे त्यांना आठवले. त्यांनी खिळे ठोकले. दोन्ही खिळे ठोकताना काच बारीक थरारली.

मग त्यांनी हार अडकवला.

तो पडला नाही. परबांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आपल्याला दुःख झाले की सुटका झाली हे त्यांना कळेना. हार उतरला होता, दोन्ही बाजू सारख्या होत्या. त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात साली कुजबुजल्या. वाळलेली पाने एकमेकांवरून सरकावीत तसा आवाज. हाराचा खालचा गोफ काचेपासून सुटला. अगदी सावकाश तो पुढे आला, वर उचलला गेला, आणि परबांच्या छातीच्या उंचीवर, हवेत, तसाच राहिला. एकेक साल आपल्या जोडीदारापासून विलग होऊन उभी होती. कशालाच भार नव्हता.

परबांनी हाराखालून हात फिरवला. खाली काही नव्हते. गिरणी थांबली होती. वारा नव्हता.

त्यांना तसबिरीकडे पाहायचे नव्हते, तरी त्यांनी पाहिले. चेहरा तोच होता, मिटलेले ओठ तेच होते. पण गाल किंचित भरले होते, चापून बसवलेले केस मुळांपासून सुटू लागले होते, आणि स्टुडिओचा टाय शर्टावर टेकलेला नव्हता. त्याचे टोक काचेच्या दिशेने उचललेले होते.

७

ते रात्रभर रामरक्षा म्हणत राहिले. सकाळपर्यंत त्यांनी सगळ्याचा अर्थ लावून घेतला होता. सुयोग इथलाही नाही आणि तिथलाही नाही. आई सोडत नाही, बाप बोलत नाही, म्हणून पोर मधल्या मधे अडकून पडले आहे. जिथे पाय टेकायला खाली काही नाही. त्याला मोकळे करणे हे बापाचे कर्तव्य आहे.

हा विचार खोटा होता असे कोणी म्हणू नये. पण त्याच्या तळाशी दुसरा एक विचार होता, आणि तो परबांनी उलटून पाहिला नाही. तो हार त्यांना खाली आलेला हवा होता. कसाही.

तसबिरी टांगायची बारीक तार त्यांनी घेतली. हाराचा गोफ दाबून काचेवर बसवला, सालींमागून तार ओवली आणि पाठीमागे पुठ्ठ्याशी पिळून घट्ट केली. समोरून काही दिसत नव्हते. हार सरळ उतरला होता, आणि टाय त्याच्याआड झाकला गेला होता.

दुपारी मालन डबा घेऊन आली. तसबिरीवरचा हार पाहून ती दारातच थांबली.

"ह्या काय केलात?"

परबांनी तिला मापाच्या हाराची हकिगत सांगितली. जिवंताच्या तसबिरीवर तो कसा राहत नाही हे सांगितले. दोन म्हाताऱ्यांचे सांगितले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"आनि माज्या सुयोगाक?" तिने विचारले.

"सरळ उतारलो, गे. बग तूच."

मालनने पाहिले. मग तिने तसबिरीकडे पाहणे सोडून नवऱ्याकडे पाहिले, बराच वेळ.

"दुसऱ्या कोणी सांगल्यान असता तर मी मानूक नसतंय," ती म्हणाली. "पण तुमी कदी खोटा बोलाक नाय."

ती स्टुलावर बसली. डबा तिच्या मांडीवर तसाच राहिला. थोड्या वेळाने म्हणाली, "बरा. मगे करा काय ता."

८

खाडीकाठी, सकाळच्या उन्हात, पळसाच्या पानांचा पुतळा दर्भावर निजवला. भटजींनी परबांकडे पाहिले.

"आईची संमती आहे?"

"आहे."

"म्हणा."

"गेला," परब म्हणाले.

त्यांनी अग्नी दिला. पाने ओली होती. ती लवकर पेटेनात, आणि पेटली तेव्हा त्यांचा जो आवाज झाला तो परबांना पानांचा वाटला नाही. त्यांनी भटजींकडे पाहिले. भटजी मंत्र म्हणत होते. त्यांना काही ऐकू आलेले दिसले नाही.

पुढचे सगळे दिवस रीतीप्रमाणे झाले. मालन निवळली. कितीतरी महिन्यांनी ती शेजारणीशी बोलली, जेवली, दुपारची झोपली. सुयोगची तसबीर घरी, देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर आली. तेराव्याला ताट वाढायचे ठरले. मालन स्वयंपाकघरात सुयोगच्या आवडीची काळ्या वाटाण्याची आमटी करीत होती. वाटणाचा वास घरभर होता.

परब तसबिरीपुढे एकटे उभे होते. आता तारेची गरज नव्हती. विधी झाला होता, मुलगा सुटला होता, हार आपल्या भाराने उतरला पाहिजे होता. तो तसा उतरलेला पाहिला की खोटे बोलल्याचा काटाही निघून गेला असता. त्यांनी तसबिरीमागे पक्कड घातली. तार इतकी ताणली गेली होती की तोडताना तिचा तंबोऱ्यासारखा नाद झाला.

हार उसळला. साली त्यांच्या हनुवटीला लागल्या आणि सगळा गोफ एकदम त्यांच्या तोंडासमोर उभा राहिला. त्यामागे काचेत सुयोग होता. केस मोकळे, चहूकडे. टाय खांद्यावरून मागे गेलेला. गाल फुगलेले. आणि मिटलेले ओठ आता मिटलेले नव्हते. तोंड उघडे होते, जितके उघडता येते तितके.

स्वयंपाकघरातून पावले आली. परबांनी हार पकडला आणि दोन्ही तळव्यांनी काचेवर दाबून धरला, जसा एखादा मनुष्य देवाच्या पायांवर हात ठेवतो. टाय आणि खांदे झाकले गेले. चेहरा वर उघडा राहिला.

मालन ताट घेऊन आली आणि थबकली.

"अगो बाय!" ती म्हणाली. "हसता! बगा हो, हसता माझो झील. मोकळो झालो!"

परबांनी त्या डोळ्यांकडे पाहिले नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिले.

"होय," ते म्हणाले. "हसता."

मालनने ताट खाली ठेवले, पदराने डोळे पुसले आणि तसबिरीजवळ आली. परबांच्या तळव्यांखाली काच थरथरत होती. आवाज काहीच नव्हता. बंद खिडकीवर पलीकडून कोणी मुठी मारीत असावे आणि अलीकडे फक्त थरथर पोहोचावी, तशी ती होती.

"हात काडा आता," मालन हसत म्हणाली. "नीट बगूंदे माका."

परबांनी हात काढले नाहीत.